चूल वेगळी, शिधा कोणाचा?

नवी पेठेत गांजवे चौकाजवळ एस. एम. जोशी सोशलिस्ट फाउंडेशनचं सभागृह आहे. पुण्यात स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसाच्या काही संध्याकाळी तिथल्या खुर्च्यांवर जातातच. माझ्याही बऱ्याच गेल्या. विषय पाण्याचा असो, शिक्षणाचा असो की संविधानाचा, प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक हात वर येतो आणि तोच प्रश्न येतो : आता आपण वेगळा पक्ष काढायचा, की आहे त्या मोठ्या पक्षात शिरून तो आतून सुधारायचा? वक्ते घड्याळाकडे बघतात. अध्यक्ष म्हणतात, यावर स्वतंत्र बैठक घेऊ. बैठक होते. तिथेही कुणीतरी हात वर करतो.

वेगळं निघण्याला मराठीत ‘वेगळी चूल मांडणं’ म्हणतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत केला आहे की त्यातली चूल आता कुणाला दिसतही नाही. ज्यांनी एकत्र कुटुंब पाहिलं आहे त्यांना मात्र ठाऊक असतं की चूल मांडायला फारसं काही लागत नाही. तीन दगड पुरतात. भांडण कणगीवरून होतं. चूल वेगळी केली आणि चौथ्या दिवशी पायलीभर ज्वारी मागायला जुन्याच उंबऱ्यावर जावं लागलं, तर ते वेगळं निघणं कसलं? उलट एकाच चुलीवर जेवणाऱ्या, पण दोन एकर स्वतःच्या नावावर असलेल्या सुनेचा शब्द घरात पडत नाही. आत की बाहेर हा प्रश्न म्हणूनच मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न शिध्याचा. राजकारणातला शिधा म्हणजे तुमच्या शब्दावर उठणारी माणसं, त्यांची वर्गणी, त्यांना बांधून ठेवणारं रोजचं काम आणि तुमचं म्हणणं तुमच्याच भाषेत छापणारं एखादं पत्र. हे ज्याच्याजवळ होतं त्याला आत राहूनही काही करता आलं आणि बाहेर राहूनही. ज्याच्याजवळ नव्हतं, त्याचं दोन्हीकडे सारखंच झालं.

पुण्यात हा वाद कुठल्याही पक्षाहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज काढला तो सरळ बाहेर. न्यायमूर्ती रानड्यांनी सभा, परिषदा, अर्ज-विनंत्या या मार्गांनी आतून काम करायचं ठरवलं. 1885 मध्ये रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण धाडलं तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे आम्हाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्यात मिसळून आमचं काय भलं होणार, असा त्याचा आशय. रानड्यांचं आत राहणंही सुखाचं नव्हतं. 1895 मध्ये काँग्रेस पुण्यात भरली तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद घेऊ द्यायची की नाही यावर शहर पेटलं आणि रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. त्याच वर्षी टिळकांच्या मंडळींनी सार्वजनिक सभेत बहुमत मिळवलं आणि पुढच्या वर्षी रानड्यांना डेक्कन सभा नावाची नवी चूल मांडावी लागली. सभेचा कारभार वर्षानुवर्षं रानड्यांच्या सल्ल्यानं चालला, पण सभासद जमवणारा दुसराच निघाला.

टिळक हे नेमकं ओळखून होते. 1907 ला सुरतेत काँग्रेस फुटली, त्यांचा गट बाहेर पडला, मग मंडालेची 6 वर्षं. 1914 ला सुटून आल्यावर परत आत जायचं तर कसं? त्यांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, गावोगाव हिंडून सभासद केले आणि डिसेंबरमध्ये लखनौच्या काँग्रेसला गेले. नेमस्तांच्या दाराशी ते रिकाम्या हातानं उभे राहिले नाहीत, म्हणून परत आल्यावर त्यांना कुणी कोपऱ्यात बसवलं नाही.

पण या प्रश्नाचा खरा अभ्यास करायचा तर शुक्रवार पेठेतल्या जेधे मॅन्शनपाशी थांबायला हवं. केशवराव जेध्यांइतक्या वेळा हा उंबरठा ओलांडलेला दुसरा माणूस पुण्यात सापडत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा असलेलं हे मराठा घराणं. मूळ कान्होजी जेध्यांचं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केशवराव आणि दिनकरराव जवळकर या जोडीनं पुण्याची झोप उडवली. गणेशोत्सवात छत्रपती मेळा उतरवला. 1925 मध्ये महात्मा फुल्यांचा पुतळा शहरात उभा करावा म्हणून नगरपालिकेत ठराव आणला, तो हाणून पाडला गेला. त्याच साली जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ निघालं, खटला झाला, आणि अपिलात वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. तेव्हा काँग्रेस म्हणजे भटजी-शेटजींची, हे या मंडळींचं ठाम मत होतं.

आणि 1930 मध्ये हेच केशवराव काँग्रेसमध्ये गेले. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस होते, काकासाहेब गाडगीळांची मध्यस्थी होती. ब्राह्मणेतर पक्षातल्या कित्येकांना हा द्रोह वाटला. पुढं काय झालं ते बघा : पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्र काँग्रेसचा चेहराच पालटला. सदाशिव-नारायण पेठांची काँग्रेस साताऱ्याच्या, सोलापूरच्या, नगरच्या वस्त्यांवर पोचली आणि केशवराव स्वतः प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. याला ‘आतून सुधारणा’ म्हणायचं असेल तर महाराष्ट्रात तिचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण ते आत गेले तेव्हा त्यांच्या मागं काय होतं? सत्यशोधकांची जवळपास 57 वर्षांची मशागत होती. जलसे, तमाशातून केलेला प्रचार, बहुजन विद्यार्थ्यांची वसतिगृहं, गावोगावची छोटी पत्रं. काँग्रेसला शेतकरी हवा होता आणि शेतकऱ्याकडे जाणारी वाट जेध्यांच्या अंगणातून जात होती. जोतीराव बाहेर राहिले म्हणून केशवरावांना आत शिरता आलं, असंही म्हणता येईल. आत आणि बाहेर हे दोन मार्ग समोरासमोर ठेवून बोलण्याची आपल्याला सवय आहे, तिथे हे बसत नाही. ती एकाच शेताची दोन हंगामांतली कामं होती.

मग 1947. स्वातंत्र्य दारात आलं तेव्हा काँग्रेसमधल्या शेतकरी गटाला दिसायला लागलं की राबणारे आपण आणि कारभार शंकरराव देवांच्या गटाचा. धान्याच्या सक्तीच्या लेव्हीनं शेतकरी चिडलेला होताच. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी ऑगस्टमध्ये शेतकरी कामगार संघटना उभी केली, आधी काँग्रेसच्या आतच. 1948 मध्ये काँग्रेसनं पक्षांतर्गत पक्षांना मनाई केल्यावर ती बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) झाली. नाना पाटील, दत्ता देशमुख, माधवराव बागल अशी माणसं त्यात होती. सत्यशोधकी वारसा होता, खेड्यापाड्यांत जीव होता. कागदावर याहून बळकट तिसरा पक्ष महाराष्ट्रात पुन्हा उभा राहिलेला नाही.

1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षानं मार्क्सवादी प्रबंध स्वीकारला. त्यावरून, आणि कोण किती कडवा यावरून, घरात तट पडले. एकेक गट निघून गेला. केशवराव स्वतः 1954 च्या सुमाराला काँग्रेसमध्ये परतले, मोरेही परतले. सगळे म्हणतात, तात्त्विक वादानं पक्ष मोडला. मला ते अर्धंच खरं वाटतं. वाद कुठल्या पक्षात नसतात? दुसरं अर्धं कारण कणगीत आहे. 1948 चा कूळकायदा, पुढं 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन, सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, पाटबंधारे. शेतकऱ्याला जे हवं होतं ते, कमी-जास्त का होईना, सत्तेच्या घरातून मिळायला लागलं. उसाला कारखाना हवा, कारखान्याला परवाना हवा, सोसायटीला कर्ज हवं. विरोधी पक्षाचा कार्यकर्ता सभेत टाळ्या मिळवत होता, पण सोसायटीच्या सचिवासमोर त्याचं काही चालत नव्हतं. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण म्हटलं ते याच शिध्याच्या जोरावर. यशवंतराव माणसं जोडत, हे खरंच. पण जोडायला हातात कारखाना आणि बँक होती, हेही विसरू नये.

आणि शेकाप जिथं टिकला तिथं का टिकला? एक जागा रायगड. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून जवळपास 6 वर्षं जमिनी न कसण्याचा संप केला होता, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. पीक नाही, उत्पन्न नाही, तरी माणसं हटली नाहीत. 6 वर्षांच्या उपासमारीनं बांधलेली ती एकजूट दाभाडीच्या कुठल्याही कलमानं मोडण्यातली नव्हती. दुसरी जागा सांगोला. तिथून गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले, ते दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न जन्मभर सोडला नाही म्हणून.

समाजवाद्यांची गोष्ट याच्या शेजारून जाते, पण तिच्यात एक गाठ आहे. नाशिकच्या तुरुंगात 1930 नंतरच्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी ही तरुण मंडळी एकत्र आली आणि 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. पुण्याचे एस. एम. जोशी, म्हणजे एसेम, आणि नानासाहेब गोरे पहिल्या फळीत होते. या पक्षाचा सभासद व्हायचं तर काँग्रेसचं सभासद असणं सक्तीचं होतं. म्हणजे दोन पावत्या, दोन निष्ठा. 1936 च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला भरलेल्या काँग्रेसनं शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, त्यामागं याच गटाचा रेटा होता. आत राहून, पण आपली वही आपल्याजवळ ठेवून. शेजारी राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या. त्यांतून निघालेली मुलं आयुष्यभर पुरली.

1948 मध्ये काँग्रेसनं ही दुसरी वही ठेवायला बंदी केली आणि समाजवादी नाशिकच्या अधिवेशनात बाहेर पडले. 1952 ची पहिली लोकसभा निवडणूक त्यांनी मोठ्या उमेदीनं लढवली. साडेदहा टक्के मतं पडली, जागा 12. कम्युनिस्टांना मतं त्यांच्या एक तृतीयांशाहून कमी, सव्वातीन टक्के, जागा 16. कम्युनिस्टांची मतं काही पट्ट्यांत दाटलेली होती, समाजवाद्यांची देशभर शिंपडलेली. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, या आपल्या पद्धतीत शिंपडलेल्या पाण्याला पीक येत नाही. तिसरा पक्ष काढू म्हणणाऱ्यानं हा हिशोब रोज सकाळी एकदा करावा. इंग्लंडात मजूर पक्षानं हा घाट पार केला, कारण 1900 मध्ये तो उभा राहिला तोच कामगार संघटनांच्या वर्गणीवर. त्यांची माणसं खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत आधीच एकवटलेली होती.

पुण्यापुरतं बोलायचं तर बाहेरच्यांचा सुवर्णकाळ 1956 ते 1960. फेब्रुवारी 1956 मध्ये याच शहरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न बोलणारे पक्ष तीत आले, आणि प्रत्येकानं आपापली चूल घरी तशीच ठेवली. स्वयंपाक फक्त एका पदार्थाचा केला. 1957 मध्ये एसेम पुण्यातून विधानसभेत गेले आणि लोकसभेला नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवलं. हे तेच काकासाहेब, ज्यांनी केशवरावांना काँग्रेसमध्ये आणलं होतं, आणि ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राची बाजू काँग्रेसमध्ये राहून लोकसभेत मांडली होती. आतल्या भल्या माणसाला लोकांनी पाडलं, हे थोडं अन्यायाचंच झालं. पण त्यांच्या मतामागं त्यांचा पक्ष नव्हता आणि मतदारांना ते दिसत होतं. 1960 ला राज्य मिळालं, पदार्थ शिजला, पंगत उठली. 1962 मध्ये काँग्रेसला 264 पैकी 215 जागा.

आता ती गाठ. 1977 मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. पक्ष मिटवला, फलक उतरवला, वह्या एकत्र केल्या. आणीबाणीतून बाहेर पडलेल्या माणसांची ती भावना होती, तिची चेष्टा करायची माझी इच्छा नाही. जनसंघही विलीन झाला, पण त्याच्या मागं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता आणि तो कशात विलीन झाला नव्हता. 1979 मध्ये पक्ष आणि संघ अशा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. तो लावून धरणाऱ्यांत अग्रभागी होते मधू लिमये. जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसनचं. त्यांचा आक्षेप संघाच्या स्वरूपाला होता आणि तो आक्षेप मला आजही पटतो. पण इतिहासाचा खोडकरपणा बघा : 1934 ते 1948 समाजवाद्यांनी ज्या दुहेरी सदस्यत्वाच्या बळावर काँग्रेसला वळण लावलं, तेच 1979 मध्ये ते दुसऱ्याला नाकारत होते, आणि त्यांच्याजवळ स्वतःचं पहिलं सदस्यत्वही उरलेलं नव्हतं. जनता पक्ष फुटल्यावर एप्रिल 1980 मध्ये एक गट अखंड बाहेर पडला आणि भारतीय जनता पक्ष झाला. समाजवादी बाहेर पडले ते तुकड्यांनी. काही तर शेवटपर्यंत नेमके कुठे आहेत ते त्यांनाच सांगता येईना.

हे पुरोगाम्यांच्या बैठकीत बोललं की शांतता पसरते. ‘तुम्ही त्यांचं कौतुक करताय का?’ असं एकानं विचारलंही. कौतुक नाही. दुसऱ्याची कणगी भरलेली दिसली तर ती कशानं भरली हे बघायला हरकत नसावी.

मोहन धारियांची गोष्ट यात बसत नाही, म्हणून सांगायला हवी. धारिया 1971 मध्ये काँग्रेसतर्फे पुण्याचे खासदार झाले. चंद्रशेखर, कृष्णकांत यांच्याबरोबरचे ‘तरुण तुर्क’. मार्च 1975 मध्ये जयप्रकाशांशी बोलणी करावी असं म्हटल्याबद्दल मंत्रिमंडळातून काढले गेले. 1977 मध्ये त्याच पुण्यानं त्यांना जनता पक्षातर्फे निवडून दिलं. त्यांच्या मागं ना संघटना होती ना कारखाना. कधीकधी एका माणसाची मानही शिधा ठरते. पण असं साल शतकात एखाददुसरं येतं, त्यावर पक्षाचं अंदाजपत्रक बांधता येत नाही.

‘आतून सुधारा’ म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. ते ज्या ‘आत’बद्दल बोलतात ते घर आता तसं राहिलेलं नाही. 1934 च्या काँग्रेसमध्ये तालुक्यापासून वरपर्यंत सभासदांची मतं मोजली जात. बहुमत हरता येई तसं मिळवताही येई. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर घरी जावं लागतं. महाराष्ट्रात 2023 मध्ये शिवसेनेचं आणि 2024 मध्ये राष्ट्रवादीचं नाव-चिन्ह कुणाचं हे ठरलं तेव्हा मोजले गेले ते आमदार-खासदार. पावती फाडणारा सभासद त्या मोजणीत कुठेच आला नाही. मग ‘आत’ म्हणजे नेमकं कुठे? बहुतेक वेळा एखाद्या नेत्याच्या दिवाणखान्यात. तिथं सुधारणेला जागा असते, चहा येईपर्यंत.

म्हणून मी त्या मागच्या रांगेतल्या हाताला हल्ली मार्केट यार्डाकडे बोट दाखवतो. डॉ. बाबा आढावांनी 1950 नंतरच्या दशकात पुण्यात हमाल पंचायत बांधायला घेतली. पाठीवर पोतं वाहणारा माणूस सभासद, त्याचीच वर्गणी, त्याचंच ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना बांधलं. 1969 चा माथाडी कायदा काँग्रेसच्या राज्यात झाला. हमाल सत्तेत गेले नव्हते, त्यांनी तिसरा पक्षही काढला नव्हता. रोजगार हमीचंही तसंच. वि. स. पागे हे काँग्रेसचे, त्यांनी आतून कल्पना मांडली. पण 1972 च्या दुष्काळात मजुरांचे मोर्चे काढणारे डावे पक्ष बाहेर रेटत नसते तर ती योजनेच्या फायलीतून कायद्यापर्यंत पोचायला आणखी किती वर्षं लागली असती? 1977 मध्ये कायदा झाला तो दोन्हीकडून ढकलल्यामुळे. अशा वेळी श्रेय कुणाचं हे भांडण निघतं. निघू द्यावं.

केशवराव नोव्हेंबर 1959 मध्ये गेले. ते तेव्हा बारामतीचे काँग्रेसचे खासदार होते. 1960 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. शेकापनं, म्हणजे केशवरावांनीच काढलेल्या पक्षानं, उमेदवारी दिली वसंतराव पवारांना. वसंतरावांचं अख्खं घर शेकापचं. आई शारदाबाई 1938 पासून पुणे जिल्हा लोकल बोर्डात होत्या. फक्त एक धाकटा भाऊ, शरद, काँग्रेसचा, आणि त्यानं भावाच्या विरुद्ध गुलाबरावांचा प्रचार केला. गुलाबराव निवडून आले. 18 वर्षांनी हाच धाकटा भाऊ काँग्रेसमधून बाहेर पडून मुख्यमंत्री झाला तेव्हा मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटील होते, पुढं तो आत गेला, पुन्हा बाहेर आला, आणि प्रत्येक वेळी जिल्ह्याची कणगी बरोबर होती. मला मात्र त्या पोटनिवडणुकीतलं पवारांचं काटेवाडीचं घर डोळ्यांपुढं येतं. प्रचार करून दमलेली दोन पक्षांची पोरं रात्री एकाच ओसरीवर पाय धुऊन बसली असतील, आणि आत शारदाबाईंनी भाकरी एकाच तव्यावर टाकल्या असतील.